हापूसच्या मागण्या आणि यादीचे रकाने

देवगड तालुक्यातील काही बागायतदारांनी एकत्र येऊन थेट ग्राहकाच्या घरी आंबा पोहोचवण्याची एक छोटी व्यवस्था उभी केली आहे आणि तिच्या कार्यालयाचे काम मी पाहतो. वाशीच्या बाजारात दलालामार्फत माल पाठवणे आजही चालू आहे. परंतु मुंबई, ठाणे, पुणे, कोल्हापूर येथील घरगुती ग्राहकांना नावानिशी पेटी पाठवायची म्हटली, की ग्राहकाचा पत्ता, त्याला हवे असलेले फळ, रवानगीचा दिवस आणि येणे रक्कम या सगळ्यांची नोंद एका जागी असावी लागते. पूर्वी ही नोंद वह्यांत आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या संदेशांत विखुरलेली असे. ती ग्राहक-व्यवस्थापनाच्या संगणकप्रणालीत आणण्याचे ठरले, तेव्हा नोंदी भरण्याचे काम अपेक्षेपेक्षा सोपे निघाले. खरे काम नंतर लागले, ते म्हणजे भरलेल्या नोंदींची यादी स्क्रीनवर कशी दिसावी हे ठरवणे. हे अनुभवकथन त्या कामापुरतेच आहे.

आम्ही निवडलेली प्रणाली स्वीटसीआरएम ही होती. शुगरसीआरएम या तशाच दुसऱ्या प्रणालीच्या खुल्या आवृत्तीपासून 2013 साली स्कॉटलंडमधील सेल्सअ‍ॅजिलिटी या कंपनीने ती वेगळी काढली. तिचा परवाना मुक्त असल्यामुळे ती स्वतःच्या किंवा भाड्याच्या सर्व्हरवर बसवता येते आणि माणशी वर्गणी भरावी लागत नाही. हंगामात दहा-बारा जण वापरणार आणि पावसाळ्यात दोनच, अशा व्यवसायाला ही गोष्ट सोयीची आहे. आमच्याकडे तिची सातवी मालिका चालते, त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते त्या मालिकेला धरून आहे.

प्रणाली बसवल्यावर ‘कॉन्टॅक्ट्स’ या विभागाची जी यादी उघडली, तिच्यात नाव, पदनाम, कंपनीचे नाव, ईमेल, कार्यालयाचा फोन, जबाबदार वापरकर्ता आणि नोंदीची तारीख असे रकाने होते. एका कंपनीने दुसऱ्या कंपनीला माल विकावा अशा व्यवहारासाठी ही मांडणी योग्यच आहे. आमचे ग्राहक मात्र विलेपार्ल्यातील किंवा कोथरूडमधील कुटुंबे आहेत. पदनामाचा रकाना वरपासून खालपर्यंत रिकामा दिसत होता, कंपनीचाही तसाच, आणि ज्या मोबाइल क्रमांकावर दिवसभर बोलायचे तो मात्र यादीत नव्हता. मागण्यांसाठी आम्ही ‘मॉड्यूल बिल्डर’ वापरून ‘मागणी’ नावाचा स्वतंत्र विभाग तयार केला होता. अशा नव्या विभागाची यादी सुरुवातीला जवळजवळ उघडीच असते. नाव आणि जबाबदार वापरकर्ता यांपलीकडे तिच्यात फारसे काही नसते. म्हणजे एका यादीतून बरेच काढायचे होते आणि दुसरी पायापासून रचायची होती.

कोणते रकाने घ्यावेत यावर कार्यालयात बसून चर्चा केली असती, तर प्रत्येकाने आपल्या आवडीचे चार सांगितले असते आणि वीस रकान्यांची यादी झाली असती. त्याऐवजी फेब्रुवारीच्या अखेरीस पहिला माल निघू लागला तेव्हा, लोक एकमेकांना कोणते प्रश्न विचारतात हे मी टिपून ठेवू लागलो. पॅकिंगच्या शेडमधल्या वहिनी विचारत, की आज कोणत्या पेट्या भरायच्या, फळ कोणत्या मापाचे आणि कच्चे द्यायचे की तयार. टेम्पोवाले दादा विचारत, की कोणत्या भागातले किती खोके आहेत आणि उतरवताना फोन कोणाला करायचा. हिशेब पाहणाऱ्या ताईंना रक्कम आली की नाही, एवढेच हवे असे. आमच्या मंडळींतील ज्येष्ठ बागायतदार आप्पा यांच्यासमोर मी मूळ यादी उघडली, तेव्हा त्यांनी क्षणभर ती पाहिली आणि म्हणाले, “माका ह्या सगळा नको. कोणाक पेटी धाडूची, ता दाखय.” रकाने निवडण्याची याहून चांगली कसोटी मला नंतरही सापडली नाही. जो रकाना पाहून कोणीतरी काहीतरी करतो, तो यादीत राहावा. बाकीची माहिती नोंद उघडल्यावर दिसली तरी पुरे.

रकाने बदलण्याची जागा म्हणजे प्रशासनातील ‘स्टुडिओ’. तेथे विभाग निवडून मांडणीत ‘लिस्ट व्ह्यू’ उघडला, की तीन उभे कप्पे दिसतात. पहिल्या कप्प्यातील रकाने सर्वांना आपोआप दिसतात, दुसऱ्यातील रकाने ज्याला हवे त्याने स्वतः निवडून घ्यायचे असतात, आणि तिसऱ्यातील रकाने कोणाच्याच यादीत येत नाहीत. रकाना माउसने धरून एका कप्प्यातून दुसऱ्यात ओढायचा आणि शेवटी ‘सेव्ह अँड डिप्लॉय’ दाबायचे, एवढीच कृती आहे. ती इतकी सोपी आहे, की माणूस विचार न करता ओढाओढ करू लागतो. म्हणून मी मांडणी आधी कागदावर लिहिली आणि मगच स्टुडिओ उघडला. मधल्या कप्प्याचे महत्त्व मला विशेष वाटते. कोणी एखाद्या रकान्याचा आग्रह धरला आणि तो सर्वांच्या कामाचा नसला, तर नकार न देता तो मधल्या कप्प्यात ठेवता येतो. ज्याला हवा तो यादीच्या वरच्या बाजूच्या रकाने-निवडीतून तो आपल्यापुरता आणू शकतो. आमच्याकडचे निम्मे वाद या कप्प्याने मिटवले.

मागणीच्या यादीचा पहिला रकाना कोणता असावा यावर थोडा विचार करावा लागला. तयार साच्यावरून केलेल्या प्रत्येक विभागात ‘नाव’ हे क्षेत्र, म्हणजे माहिती भरायची जागा, असतेच, आणि यादीत त्याच रकान्यावर टिचकी मारून नोंद उघडते. मागणीला स्वतःचे असे नाव नसते, म्हणून त्या क्षेत्रात आम्ही मागणी क्रमांक ठेवला आणि तोच क्रमांक खोक्यावर मार्करने लिहू लागलो. त्याच्या शेजारी ग्राहक, मग मोबाइल, मार्ग, फळाचे माप, कच्चे की तयार, डझन, रवानगीची तारीख आणि स्थिती असा क्रम ठरला. कार्यालयातील कामाच्या दृष्टीने रक्कम आणि जमा हे रकाने त्यानंतर यायला हवे होते, पण त्यांविषयी पुढे लिहितो.

यात मोबाइलच्या रकान्याने सर्वाधिक वेळ घेतला. मोबाइल क्रमांक हा ग्राहकाच्या नोंदीत असतो, मागणीच्या नोंदीत नव्हे. स्टुडिओमध्ये एखाद्या विभागाच्या यादीत त्याच विभागाची क्षेत्रे ठेवता येतात. जोडलेल्या नोंदीचे नाव दुव्यासह येते, पण त्या नोंदीतील इतर क्षेत्रे ओढून आणायची सोय तेथे नाही. मागणी भरताना क्रमांक पुन्हा टंकून घेणे हा एक उपाय होता. तो मी नाकारला, कारण ग्राहकाने क्रमांक बदलला की दोन ठिकाणी दोन क्रमांक राहणार आणि टेम्पोवाल्या दादांच्या हाती नेमका जुना लागणार. कणकवलीच्या एका जाणकार मुलाने वेगळा मार्ग काढला. या प्रणालीत यादीतील प्रत्येक ओळ स्क्रीनवर येण्याआधी ‘प्रोसेस रेकॉर्ड’ या नावाने ओळखला जाणारा एक टप्पा असतो आणि त्या टप्प्यावर आपली चार ओळींची आज्ञावली जोडता येते. मागणीत त्याने एक क्षेत्र असे केले, की जे डेटाबेसमध्ये साठवलेच जात नाही. यादी दाखवताना त्या-त्या ग्राहकाच्या नोंदीतून क्रमांक वाचून तेथे ठेवला जातो. साठवलेला नसल्यामुळे त्या रकान्यावर चढता-उतरता क्रम लावता येत नाही आणि फिल्टरही लावता येत नाही, पण मोबाइल क्रमांकाच्या क्रमाने यादी कोणाला हवी असणार? क्रमांक नेहमी ताजा दिसतो, हे अधिक मोलाचे.

मार्गाच्या रकान्याची कथा निराळी आहे. सुरुवातीला मला वाटत होते, की पिनकोडच्या क्रमाने यादी लावली म्हणजे एका भागातील पेट्या आपोआप एकत्र येतील. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई यांचे पिनकोड 400 ने सुरू होतात, पुण्याचे 411 ने, कोल्हापूरचे आणि आमच्या सिंधुदुर्गाचे 416 ने. तेवढ्या ढोबळ विभागणीला हा क्रम पुरतो. परंतु मुंबईच्या आत तो टेम्पोच्या उपयोगाचा नाही. मुलुंडचा 400080 आणि बोरिवलीचा 400092 यादीत जवळजवळ येतात, पण एक पूर्व द्रुतगती मार्गाच्या बाजूला आणि दुसरे पश्चिमेच्या टोकाला. उलट मुलुंडला खेटून असलेल्या ठाण्याचा 400601 कितीतरी खाली जातो. डोंबिवली तर 421 मध्ये आहे. पिनकोड हे टपालाच्या सोयीने दिलेले क्रमांक आहेत, त्यांनी टेम्पोचा रस्ता दाखवावा ही अपेक्षाच गैर. म्हणून दादांना समोर बसवून त्यांचे मार्ग त्यांच्याच शब्दांत लिहून घेतले आणि ‘मार्ग’ नावाचे निवडसूचीचे क्षेत्र केले. पनवेल-वाशी, ठाणे-मुलुंड, दादर-पार्ले, अंधेरी ते बोरिवली, कल्याण-डोंबिवली, पुणे शहर, पिंपरी-चिंचवड, कोल्हापूर असे ते मार्ग आहेत. पिनकोड यादीतून काढून नोंदीत ठेवला, कारण कुरिअरच्या चिठ्ठीला तो लागतोच.

निवडसूचीच्या क्षेत्रांबद्दल एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. प्रत्येक पर्यायाला आत साठवायची एक खूण असते आणि वर दाखवायचा मजकूर वेगळा असतो. मजकूर केव्हाही बदलता येतो आणि तो बदलला की जुन्या सर्व नोंदींतही नवा मजकूर दिसू लागतो. आतली खूण मात्र हलवायची नसते. आंब्याच्या मापाबाबत याचा फार उपयोग झाला. आमच्याकडे फळाचा आकार पेटीच्या भाषेत सांगतात. ठरावीक मापाच्या लाकडी पेटीत चार डझन बसले तर ते चार डझनी, म्हणजे मोठे फळ. पाच डझनी त्याहून लहान, सहा डझनी आणखी लहान. बागायतदाराला आणि शेडमधल्या बायकांना हे सांगावे लागत नाही. मुंबईचा ग्राहक मात्र आता एक किंवा दोन डझनांचा पुठ्ठ्याचा खोका मागवतो आणि ‘पाच डझनी’ असे वाचले, की आपल्याला पाच डझन येणार असे समजतो. ग्राहकाला जाणाऱ्या पावतीवर वजनाप्रमाणे माप लिहावे आणि शेडच्या यादीत डझनी भाषाच राहावी, असे ठरले. यादीत ‘पाच डझनी’ आणि त्याच्या शेजारी डझनांच्या रकान्यात ‘2’ असे दिसते, तेव्हा बाहेरच्या माणसाचा गोंधळ होईलही, पण ती यादी त्याच्यासाठी नाहीच.

रकान्यांची शीर्षके मराठीत करणे हे स्टुडिओतील ‘लेबल्स’मधून होते आणि त्यात अडचण येत नाही. अडचण येते ती रुंदीची. प्रत्येक रकान्याची रुंदी टक्क्यांत देता येते, पण ‘रवानगीची नियोजित तारीख’ असे शीर्षक दिले तर छोट्याशा तारखेसाठी सहा इंचांची जागा अडते किंवा शीर्षक तीन ओळींत मोडते. म्हणून शीर्षके एका शब्दावर आणली: रवानगी, माप, डझन, स्थिती. सविस्तर नाव नोंदीच्या पानावर आहेच. शेडमध्ये संगणक नाही, वहिनी फोनवर यादी पाहतात, आणि फोनच्या अरुंद स्क्रीनवर डावीकडचे मोजकेच रकाने धडपणे दिसतात. त्यामुळे डावी-उजवी बाजू ही आमच्यासाठी केवळ शोभेची बाब राहिली नाही. कार्यालयाच्या सोयीसाठी मी ग्राहकाचे नाव दुसऱ्या स्थानी ठेवले होते. शेडला मात्र नाव शेवटी हवे, माप आणि डझन आधी हवे. भरणाऱ्याला पेटी कोणाची आहे याने फरक पडत नाही. खोक्यावर क्रमांक लिहिला, की नाव चिठ्ठीवर छापून येतेच. मग क्रमांक, माप, कच्चे-तयार, डझन असा डावा भाग शेडचा आणि मार्ग, ग्राहक, मोबाइल असा पुढचा भाग दादांचा, अशी वाटणी झाली. कार्यालयाला मोठी स्क्रीन आहे, त्याने उजवीकडे पाहावे.

ही वाटणी करावी लागली याचे कारण असे, की स्टुडिओतून केलेली यादीची मांडणी सर्व वापरकर्त्यांना एकच असते. वापरकर्त्यांना नेमून दिलेल्या भूमिकांच्या साहाय्याने कोणी नोंद पाहावी, बदलावी, खोडावी किंवा फाइल करून बाहेर काढावी हे ठरवता येते. शेड आणि टेम्पो यांच्या खात्यांना खोडणे व बाहेर काढणे आम्ही बंद केले आहे. पण ‘हा रकाना याला दाखवा, त्याला दाखवू नका’ असे त्या भूमिका सांगू शकत नाहीत. येथे रकमेचा प्रश्न उभा राहिला. काही जुन्या ग्राहकांना सवलतीचा भाव दिला जातो आणि कोणाची रक्कम थकली आहे हे टेम्पोत बसून वाचले जावे, असे कोणालाच वाटत नव्हते. रक्कम मधल्या कप्प्यात ठेवली तर कोणीही ती निवडून घेऊ शकतो, म्हणजे झाकल्यासारखे दिसते पण झाकलेले नसते. हिशेबाच्या ताईंचा आग्रह होता, की रक्कम पहिल्या कप्प्यात हवी. शेवटी रकमेची क्षेत्रे मागणीतून काढून ‘जमा’ असा वेगळा विभाग केला, त्याची यादी पाहण्याचा अधिकार कार्यालयाच्या खात्यांपुरता ठेवला आणि मागणीत फक्त ‘पैसे आले’ ही चौकट राहिली. माझ्या मते हा उपाय किंचित जड आहे, कारण ताईंना आता दोन याद्या उघडाव्या लागतात. पण रकाना लपवून गुप्तता राखली, असे स्वतःला समजावण्यापेक्षा तो बरा.

रकाने ठरल्यावर क्रम आणि फिल्टर यांकडे वळलो. रवानगीच्या तारखेवर चढता क्रम लावला आणि स्थिती ‘भरायची आहे’ एवढीच निवडली, की शेडची यादी तयार होते. तारखेच्या क्षेत्राला स्टुडिओत ‘रेंज सर्च’ची खूण केली नसेल, तर फिल्टरमध्ये एकच तारीख टाकता येते, ती खूण केली की ‘या तारखेपूर्वी’, ‘पुढील 7 दिवस’, ‘या दोन तारखांमध्ये’ असे पर्याय मिळतात. अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या आठवड्यात या ‘दोन तारखांमध्ये’ पर्यायावरच आमचे काम चालते, कारण त्या दिवशी पेटी दारात हवी असे सांगणारे ग्राहक एकाच वेळी येतात आणि फळ कच्चे असेल तर ते पिकायला लागणारे दिवस धरून रवानगी मागे सरकवावी लागते. फिल्टर नाव देऊन जतन करता येतो, आणि त्याबरोबर कोणत्या रकान्यावर क्रम लावला होता तेही जतन होते. मात्र जतन केलेला फिल्टर त्या-त्या खात्याचा असतो. मी माझ्या खात्यावर कितीही सुबक फिल्टर केले, तरी वहिनींच्या फोनवर ते येत नाहीत. म्हणून प्रत्येकाच्या शेजारी बसून, त्याच्याच खात्यातून, त्याच्याच शब्दांत नावे देऊन ते करावे लागले. वहिनींच्या फिल्टरचे नाव ‘आजचा भरणा’ आहे, दादांच्या फिल्टरचे ‘गाडीत काय’.

एका पानावर किती ओळी दिसाव्यात हा साधा वाटणारा प्रश्नही कामाशी बांधलेला निघाला. मूळ ठेवण 20 ओळींची आहे. गाडी निघाली, की त्या गाडीतील सर्व मागण्यांची स्थिती एकदम ‘रवाना’ करायची असते, आणि त्यासाठी ओळींपुढील चौकटी निवडून ‘मास अपडेट’ वापरतात. येथे दोन पर्याय असतात: फक्त या पानावरील ओळी निवडणे, किंवा फिल्टरमध्ये आलेल्या सर्व ओळी निवडणे. घाईत दुसरा निवडला आणि फिल्टर ढिला असला, तर उद्याच्या पेट्याही आज रवाना झालेल्या दिसतील. एका गाडीच्या मागण्या एकाच पानावर मावल्या म्हणजे पहिल्या पर्यायावर काम भागते, म्हणून प्रशासनातून ती संख्या 50 केली. याहून वाढवू नये असे माझे मत आहे, कारण मोबाइल क्रमांक प्रत्येक ओळीसाठी स्वतंत्रपणे वाचला जातो आणि वादळी हवेत आमच्याकडील इंटरनेट आधीच रडतखडत चालते.

आता ज्या यादीकडे कोणी लक्ष देत नाही, तिच्याविषयी. नवी मागणी भरताना ग्राहक निवडायचा असतो आणि त्यासाठी एक छोटी खिडकी उघडते. तिच्यातही यादीच असते, पण मुख्य यादीत केलेले बदल तिला लागू होत नाहीत. तिची मांडणी स्टुडिओत ‘पॉपअप व्ह्यू’ म्हणून वेगळी आहे. आमच्या ग्राहकांत जोशी, कुलकर्णी आणि पाटील ही आडनावे इतकी आहेत, की खिडकीत नुसते नाव दिसले तर योग्य माणूस निवडणे हा अंदाजाचा खेळ होतो. तेथे मोबाइल क्रमांक, उपनगर आणि इमारतीचे नाव हे रकाने आणले आणि त्याच खिडकीच्या शोधातही मोबाइल क्रमांक जोडला. फोन आला, की क्रमांक टाकायचा आणि एकच ओळ समोर येते. माझ्या मते साऱ्या बदलांत कामाला सर्वाधिक लागलेला बदल हाच आहे, आणि तो मुख्य यादीत नाहीच.

तशीच दुसरी दुर्लक्षित यादी म्हणजे ग्राहकाच्या पानाखाली दिसणारा मागण्यांचा तक्ता. याचीही मांडणी ‘सबपॅनेल’ म्हणून स्वतंत्र असते. तेथे मार्ग आणि स्थिती यांचा काही उपयोग नाही, कारण जुन्या मागण्या केव्हाच पोहोचलेल्या असतात. ग्राहक फोनवर म्हणतो, “गेल्या वर्षी दिला होता तसाच द्या,” तेव्हा गेल्या वर्षी काय दिले होते ते एका नजरेत दिसावे लागते. म्हणून त्या तक्त्यात तारीख, माप, डझन, कोणाच्या बागेतील फळ आणि तक्रार असे रकाने आहेत. तक्रारीत बहुतेक वेळा ‘साका’ असे लिहिलेले असते. फळ वरून निर्दोष दिसते आणि कापल्यावर आतला गर पांढरट, स्पंजासारखा निघतो. बाहेरून ओळखता येत नाही, त्यामुळे बदली फळ देण्याला पर्याय नसतो. बाग आणि तक्रार शेजारी-शेजारी ठेवण्याला काही बागायतदारांनी सुरुवातीला नाक मुरडले. कोणत्या बागेच्या नावापुढे किती वेळा काय लिहिले आहे, हे त्या तक्त्यात उघड दिसते. आप्पांनीच तो रकाना राहू द्यावा असे सांगितले, आणि त्यांच्या स्वतःच्या कातळावरील कलमांच्या नावापुढेही दोन ठिकाणी साका लिहिलेला होता, त्यामुळे पुढे कोणी बोलले नाही.

बागायतदारांची यादी लहान आहे आणि तिच्यात फार काही करावे लागले नाही. 2018 साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याखाली प्रत्येक उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्यावी लागते. ग्राहक ती नोंद विचारू लागले आहेत, म्हणून तिचा रकाना गावाच्या शेजारी आला, एवढेच.

नावांच्या क्रमाबद्दल एक विचित्र गोष्ट येथे सांगितली पाहिजे. आम्ही ग्राहकांची नावे देवनागरीत ठेवली आहेत. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर येतो, पण संगणकाच्या क्रमात तो ‘ल’च्या लगेच मागे बसतो. त्यामुळे आडनावांच्या क्रमाने लावलेल्या यादीत काळे हे कावळे आणि कासले यांच्या वर येतात. छापील शब्दकोश पाहण्याची सवय असलेल्या माणसाची नजर खाली शोधत राहते. मी यावर काही केले नाही. खिडकीत मोबाइल क्रमांकाने शोध होत असल्यामुळे नावाच्या क्रमावर कोणाचे काम अडत नाही.

बदल केल्यावरही जुनेच रकाने दिसत राहिले, तर प्रशासनातील ‘क्विक रिपेअर अँड रीबिल्ड’ चालवावे आणि ब्राउझरची साठवण रिकामी करावी. बहुतेक वेळा तेवढ्याने भागते. स्टुडिओने केलेली मांडणी मूळ फाइलींना हात न लावता ‘कस्टम’ या वेगळ्या फोल्डरमध्ये लिहिली जाते, त्यामुळे नवी आवृत्ती चढवताना ती टिकते. आपण मॉड्यूल बिल्डरमध्ये तयार केलेल्या विभागाबाबत मात्र एक पथ्य पाळावे लागते. एकदा तो विभाग सुरू केला, की पुढचे सर्व बदल स्टुडिओतच करायचे. बिल्डरमध्ये परत जाऊन तो पुन्हा चढवला, तर स्टुडिओत केलेली मांडणी पुसली जाण्याचा धोका असतो. आमच्या कार्यालयात ही सूचना संगणकाच्या बाजूला कागदावर लिहून चिकटवली आहे, कारण हंगामापुरते येणारे मदतनीस दर वर्षी नवे असतात.

हंगाम ऐन भरात असताना रकाने बदलायचे नाहीत, असा नियम आता आम्ही ठेवला आहे. एप्रिलमध्ये हात यादीच्या जागा पाठ करून चालतात, आणि रकाना एका जागेने सरकला तरी कच्च्याच्या जागी तयार फळ भरले जाऊ शकते. सूचना वर्षभर येतात, त्या एका वहीत लिहून ठेवतो आणि मृगाचा पाऊस सुरू झाला, शेवटचा माल कॅनिंगला गेला, की त्या वहीवर बसतो. यंदा त्यात टेम्पोवाल्या दादांची एक मागणी होती. ग्राहकाच्या इमारतीला लिफ्ट आहे की नाही, याचा रकाना त्यांना हवा आहे. ते माझ्या कसोटीला पुरेपूर उतरते, कारण तो रकाना पाहून ते सोबतीला माणूस घ्यायचा की नाही हे ठरवतील. शेडला आणि कार्यालयाला त्याचा काही उपयोग नसल्यामुळे ‘लिफ्ट’ हे क्षेत्र मधल्या कप्प्यात ठेवले आहे आणि दादांच्या खात्यातून ते निवडून मार्गाच्या शेजारी आणले आहे. आता जुन्या ग्राहकांना फोन करून ती माहिती भरून घेण्याचे काम तेवढे उरले आहे, आणि ते दिवाळीपूर्वी संपवायचे आहे.